उभा तास

वाग्देवी महिला महाविद्यालयात नुसती हुशारी चालत नसे, ती ऐकू यावी लागे.

आकुर्डीच्या बाजूला मुरमाच्या माळावर ही दगडी इमारत होती. एका अंगाला कारखान्यांची धुराडी, दुसऱ्या अंगाला ज्वारीची रानं, आणि मधे बसून मुली तर्कशास्त्र शिकत. विश्वस्तांचं म्हणणं असं, की मुलींना शिवण आणि टायपिंग शिकवायला जागा पुष्कळ आहेत; आपण त्यांना वाद घालायला शिकवू. दरवर्षी शेकड्यांनी अर्ज येत आणि तीसच मुली घेतल्या जात. एवढ्या लांब माळावर कॉलेज का काढलंत, असं कुणी विचारलं की प्राचार्या कुसुमताई म्हणायच्या, "वाद घालायला मोकळी जागा लागते."

दर शुक्रवारचा शेवटचा तास म्हणजे उभा तास. एका मुलीने चौथऱ्यावर उभं राहून आपला निबंध मांडायचा आणि बाकीच्यांनी तो पाडायचा. माईक नाही. शेवटच्या बाकावर वरच्या वर्गातल्या मुली बसत; ज्यांचा उभा तास पार झाला त्यांनाच त्या बाकाचा मान. ऐकू आलं नाही की त्या बोट वाकवून बाक वाजवीत. टक टक. वाजलं की आवाज चढवायचा. वाजतच राहिलं की खाली बसायचं. ऐकू न आलेला निबंध म्हणजे न लिहिलेला निबंध, असा तिथला कायदा होता. पहिल्या वर्षात एकदा तरी उभा तास पार झाला पाहिजे. नाही झाला, तर दाखला घ्या आणि दुसरं कॉलेज बघा.

अशा ठिकाणी विशाखा ओव्हाळ शिरली कशी, हे दिवाळीनंतर सगळ्यांना पडलेलं कोडं होतं. खरं तर कोडं काही नव्हतं. लेखी परीक्षेत ती पहिल्या तिघींत होती. तोंडी मुलाखतीला कुसुमताई टेबलापलीकडे, हातभर अंतरावर बसल्या होत्या. तेवढ्या अंतरावर विशाखाचं बोलणं पोचत असे. उत्तरं चोख होती, आणि आवाजाच्या बारीकपणाला ताईंनी विनय समजून दोन गुण जास्तच दिले.

विनय वगैरे काही नव्हता. घरात मोठ्याने बोलायची सोयच नव्हती.

ओव्हाळ संत तुकाराम नगरात, कामगारांच्या वसाहतीत राहत. दीड खोली. बाप किसन ओव्हाळ महाळुंग्याचा. पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसवर कंपनीत लागला तेव्हा विशाखा रांगत होती. वसाहतीत एक रिवाज होता. ज्या घरातला माणूस थर्ड शिफ्ट करून सकाळी येऊन झोपला असेल, त्या घराच्या कडीला निळी चिंधी बांधायची, जुन्या गणवेशाची. चिंधी दिसली की भाजीवाला मुक्याने हातगाडी ढकलत पुढे जाई, पोरं विटीदांडू घेऊन पलीकडच्या ओळीत जात. भांडणाऱ्या बायकासुद्धा चार दारं पुढे सरकून भांडत. हा नियम कुणी काढला ठाऊक नाही. पण वसाहतीत नळाच्या रांगेपासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत जेवढे नियम होते, त्यांतला मनापासून पाळला जाणारा हा एकच.

इतरांच्या दारावर चिंधी आठवडाभर असायची, पाळी बदलली की सुटायची. ओव्हाळांची सुटतच नसे. किसन बहुतेक थर्डच करायचा. कुणाला रात्रपाळी नको असली की हा आपली दिवसपाळी त्याला देऊन टाकी. "त्यास्नी रात्रीचं काम मानवतं," एवढंच त्याची बायको सरूबाई सांगायची. तिने भरभर आवाज करणारा पंपाचा स्टो देऊन वातीचा घेतला होता. भांडं ठेवायचं ते फडक्याच्या घडीवर. सकाळची बुद्धवंदनासुद्धा मायलेकी ओठांनीच म्हणत. विशाखाने कविता ओठांनी पाठ केल्या, पाढे ओठांनी, आणि नगरपालिकेच्या शाळेत साठ पोरांच्या गलक्याला कंटाळलेल्या मास्तरांनी या गप्प पोरीला डोक्यावर घेतलं. तिला मोठ्याने वाच असं अकरावीपर्यंत कुणी म्हणालंच नाही.

या सगळ्यात एक फायदा होता. बाप दिवसा झोपलेला, त्यामुळे त्याची सायकल दिवसा मोकळी. त्या सायकलीवर विशाखा कॉलेजला जाई.

पहिला उभा तास दिवाळीनंतर झाला. विशाखाने कागद उघडला, वाचायला लागली, आणि पहिलं वाक्य संपायच्या आत शेवटचा बाक वाजला. तिने आवाज चढवला. म्हणजे तिला तसं वाटलं. पुन्हा टक टक. मग वाजतच राहिलं. ती खाली उतरली तेव्हा शेवटच्या बाकावरची हेमलता सातपुते, ही लातूरकडची, होस्टेलला राहणारी, दुसऱ्या वर्षातली, तिला दारात गाठून म्हणाली, "अगं माय, माणसांसंगं बोलायलीस का मुंग्यांसंगं?"

"मी वाचत होते."

"वाचायलीस व्हय! मला वाटलं ओठाला तूप लावायलीस."

विशाखा हसली. तेही बिनआवाजाचं. हेमलताला मग वाईट वाटलं आणि तिने बोरं दिली. पण जानेवारीत दुसऱ्या उभ्या तासाला बाक वाजवायची वेळ आली तेव्हा बोरांचा विचार न करता तिनेच आधी वाजवला.

त्या दिवशी कुसुमताईंनी विशाखाला बोलावून घेतलं. निबंध त्यांच्या हातात होता. मथळा, ‘मौनावरून काढलेले निष्कर्ष’.

"मी हा वाचला, ओव्हाळ. चांगला आहे. फार चांगला आहे."

"मग ताई..."

"काय म्हणालीस?"

"मग, म्हटलं, हा धरता नाही का येणार?"

"माझ्या एकटीसाठी लिहिला होतास का?" ताईंनी चष्मा काढला. "मार्चमध्ये वार्षिक उभा तास आहे. पालक येतात, विश्वस्त येतात, पाहुणे येतात. ज्या राहिल्या त्यांना शेवटची संधी. त्यानंतर मला तुझी जागा दुसऱ्या मुलीला द्यावी लागेल. मला ते आवडणार नाही, पण देईन."

"माझा आवाजच नाही, ताई."

"आवाज सगळ्यांना असतो. काहींना सवय नसते. मुलाखतीत मी त्याला विनय समजून गुण दिले होते. घरी रोज मोठ्याने वाचत जा."

घरी! विशाखाने मान हलवली आणि सायकल काढली. इथे फी माफ होती. दुसरीकडे होईल अशी आशा होती, पण आशेवर कॉलेज करता येत नाही. आणि महाळुंग्याहून आत्याचा ‘पोरीचं बघा आता’ असा निरोप महिन्याआड येतच होता. त्या निरोपाला आजवर एकच उत्तर होतं: ती शिकतीय.

घरी आली तेव्हा बाप खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपला होता. सरूबाई नळावर गेली होती. विशाखा फळीवरचं पुस्तक काढायला चौरंगावर चढली. डोक्यात ताईंचं बोलणं, हात भलतीकडे. फळीवरची उतरंडच्या उतरंड खाली आली. आधी पातेली, त्यांवर परात, मागून कळशी, आणि शेवटी एक झाकण, जे मेलं पडूनही गप्प बसेना. फरशीवर गोल गोल फिरत घणघणत राहिलं.

विशाखा चौरंगावर डोळे मिटून उभी राहिली. आता आप्पा उठणार. झोपमोड झालेला माणूस रात्री प्रेसवर उभा राहणार, हात पुढे घालणार... तिने डोळे उघडले.

बाप जागचा हलला नव्हता. पाठ संथ खालीवर होत होती.

दारात शेजारची चतुराबाई उभी. "अगं पोरी! पल्याडच्या ओळीतली मानसं उठली आसतील! चिंधी बांधलीय का शोभंला?" मग तिची नजर किसनवर गेली. "आन ह्यो बाबा झोपलाच हाय?"

तेवढ्यात मागून सरूबाई आली, दोन्ही हातांत बादल्या. तिने एका नजरेत सगळं पाहिलं. "कानात कापूस घालत्यात ते," ती म्हणाली. "मशिनीपायी सवयच लागलीय."

"झोप आसावी तर आशी," म्हणत चतुराबाई गेली. "आमचा तर मांजर आलं तरी उठून बसतो, आन दिवसभर मग माझ्या नावानं शिमगा."

विशाखा खाली उतरली. वाकून बापाचा कान पाहिला. कापूस नव्हता. ती आईकडे वळली. सरूबाई बादल्या ठेवत होती, फडक्यावर, अलगद, नेहमीसारख्या.

"आई, आप्पाला ऐकू येत नाही?"

सरूबाईने दार लोटलं. "हळू."

"कधीपासून?"

"तू चौथीत व्हतीस. आदी ह्यो कान गेला, मंग त्यो."

"अजिबात?"

"ढोल वाजला तर छातीत कळतो म्हनत्यात."

विशाखा मटकन खाली बसली. चौथीपासून! चौथीपासून ती या खोलीत चवड्यांवर चालत होती. शिंक आली तर पदरात, हसू आलं तर उशीत. "मग आपण कुजबुजतो कुणासाठी?"

"चतुरीसाठी," सरूबाई म्हणाली. "चतुरीला ऐकू येतं."

विशाखाला कळेना.

"येवढ्या वसाहतीला म्हाईत हाय, आपल्या दाराला चिंधी हाय. आपन आत गलका केला आन तुजा बाप निजूनच ऱ्हायला, तर आज चतुरी इचारंल, उद्या तिचा नवरा इचारंल, परवा कंपनीत कळंल. बहिऱ्या मानसाला प्रेसवर ठिवत न्हाईत. फाटकावर बसिवत्यात न्हाईतर झाडू देत्यात हातात, न्हाईतर घरीच बस म्हनत्यात. रात्रीचं साहेब कमी, इचारनारं कमी. म्हनून रात्रपाळी. चिंधी काय झोपंसाठी न्हाई बाय. भाकरीसाठी हाय."

"आणि मशीन? ते कसं चालवतात?"

"पायातनं."

हा आवाज आईचा नव्हता. किसन कुशीवर वळला होता, डोळे उघडे. कधीपासून, कुणास ठाऊक. तो दोघींच्या तोंडांकडे बघत होता. तो नेहमीच तोंडाकडे बघायचा. विशाखाला लहानपणापासून वाटे, आपला बाप किती मायेने ऐकतो.

"प्रेस पडला की तळपायाला कळतं," तो उठून बसत म्हणाला. "टायमिंग सारं पायात हाय. हात साबूत हायेत का न्हाई बघ." त्याने दहाही बोटं पसरून दाखवली. मग पसरलेल्या भांड्यांकडे पाहिलं. "आन ही उतरंड कुनी पाडली?"

विशाखा रडायला लागली, तेही बिनआवाजाचं. मग त्याच्यासमोर बसून तिने सगळं सांगितलं. उभा तास, शेवटचा बाक, टक टक, मार्च, जागा.

"ह्ये मला आदी का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं होतं, आप्पा. दिवाळीनंतर. तुम्ही हसून मान हलवली."

किसनने थोडा विचार केला. "भाकऱ्या थापीत व्हतीस का?"

"हो."

"मंग तुजी पाठ व्हती माज्याकडं. पाठीला म्या नेहमी हसून मान हलवतो."

सुट्टीच्या दिवशी किसनने सायकलच्या मागे धुण्याचं बोचकं बांधलं, आणि बोचक्यावर वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा. "धुनं धुवाय चाललो," असं त्याने चतुराबाईला न विचारताच सांगितलं. बाप लेकीला घेऊन धुणं धुवायला जातो हे चतुराबाईने जन्मात पाहिलं नव्हतं, पण बोचकं तर दिसत होतं.

पवनेच्या काठाला वसाहतीपासून लांब, बाभळींच्या पुढे, त्याने सायकल टेकवली. डब्याचं उघडं तोंड विशाखाकडे धरलं आणि बुडाला तळहात लावला.

"बोल."

"काय बोलू?"

"कालिजात बोलायचं त्येच."

"मौनावरून काढलेले निष्कर्ष," विशाखा म्हणाली.

"डबा मेलेला हाय."

तिने पुन्हा म्हटलं.

"मेलेलाच हाय. पोटातनं काढ. आईला हाक मार, जेवाय वाड म्हनून."

"आई घरी आहे, आप्पा."

"मंग घरापत्तुर जाऊ दे."

विशाखाने आजूबाजूला पाहिलं. एक म्हैस, चार बगळे. आयुष्यभर ज्या दाराला आतून कडी लावली होती ते दार, आणि आता म्हणे उघड. तिने मुठी वळल्या, डोळे मिटले आणि ओरडली, "आई!"

बगळे उडाले. म्हशीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, जरा नाराजीनेच. विशाखाने स्वतःच दचकून तोंडावर हात ठेवला. आपल्या आत हे एवढं मोठं कुणी राहत होतं, तिला माहीतच नव्हतं.

किसन मात्र खूश होऊन डब्याकडे बघत होता. "आला! डब्यात आला! पुन्ना."

पुन्हा आला. मग येत राहिला. किसन एक एक पाऊल मागे सरकू लागला, आणि डबा कळेनासा झाला तेव्हा त्याने तो काखोटीला मारला आणि नुसतं तिच्या तोंडाकडे बघायला लागला.

"आता आवाज हाय, पन शब्द खातीस. तोंडात घास हाय का?"

"नाही."

"मंग सबंद शब्द भाईर काढ. कागदाकडं बघतीस तवा मला नुसता भांग दिसतो. भांगावरनं काय समजायचं?" आणि जिथे जिथे त्याला कळेना तिथे तो डबा वाजवी. टक टक. "मी बी शेवटच्या बाकावरचा," तो म्हणाला. ही टक टक त्याला फारच आवडली होती.

तेव्हापासून दर सुट्टीला त्या घरचं धुणं नदीवर जाऊ लागलं. विशाखाचा घसा बसला, सुटला, परत बसला. सरूबाई ज्येष्ठमधाची कांडी देई आणि कुजबुजत विचारी, "आज कुटपत्तुर गेला?" "बाभळीपर्यंत." "आन आज?" "तिच्या पुढच्या दगडापर्यंत." आठवडाभर मात्र दाराला चिंधी आणि आत ओठांचा कारभार. विशाखा सायकलवरून जाताना महामार्गाला लागली, की ट्रकच्या गोंगाटात निबंधातली वाक्यं मोठ्याने म्हणत जाई. ट्रकवाले बघत. बघेनात!

मार्चमध्ये वार्षिक उभा तास आला. दोन वर्गांमधली लाकडी पार्टिशनं सरकवून लांबट सभागृह केलं होतं. पुढे पाहुण्यांच्या खुर्च्या, मग पालक, मग मुली, आणि पार मागे भिंतीला लागून तो बाक. किसन थर्ड करून आला तो झोपला नाही. अंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि लेकीला डबलसीट घेऊन आला.

दारातच विशाखाने त्याची बाही धरली. पहिल्या रांगेत सोपानराव बसले होते, किसनच्याच कंपनीचे कामगार अधिकारी. विश्वस्तांचे पाहुणे म्हणून आले होते. तिने बापाकडे तोंड करून, आवाज न करता, ओठांनी विचारलं, "परत जाता का?"

"का म्हनून?" किसन म्हणाला. "मागं बसतो. वळखलं तर नमस्कार करीन. नमस्काराला कान लागत न्हाईत."

आणि तो थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसला. हेमलता म्हणाली, "काका, पालक पुढं बसायलेत, हा बाक आमचा हाय." किसन हसला आणि मान हलवली. हेमलता नेमकी त्याच्या बाजूला, कडेला होती; तिचे ओठ त्याला दिसले नव्हते. त्या हसण्यापुढे तिचं काही चालेना. ती जरा सरकून बसली.

विशाखाचं नाव पुकारलं गेलं. ती चौथऱ्यावर चढली. तिने पार मागे पाहिलं. बाभळीपुढच्या दगडाएवढंच अंतर.

"मौनावरून काढलेले निष्कर्ष," ती म्हणाली.

शेवटच्या बाकावरच्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. बोटं वाकवून तयार होती ती तशीच राहिली.

ती मांडत गेली. घर शांत आहे म्हणजे सुखी आहे, मुलगी गप्प आहे म्हणजे राजी आहे, कामगार बोलत नाही म्हणजे त्याची तक्रार नाही. शांतता ही पाटी कोरी असते. तिच्यावर आपण आपल्याला हवं ते लिहितो आणि म्हणतो, तिथे असंच लिहिलं होतं. सोपानरावांनी खुर्चीत पाय बदलला. कुसुमताई चष्म्यावरून बघत होत्या.

मग खंडनाची वेळ आली आणि हेमलता उठली. "हे सगळं ऐकायला गोड हाय, पर पुस्तकातलं हाय. वापरातला दाखला दे. सगळ्यांनी शांतता बघून एकच निष्कर्ष काढला आणि सगळेच्या सगळे चुकले, असा एक तरी सांग. नसंल तर निबंध पडला."

विशाखापाशी दाखला होता. जगात याहून चांगला दाखला कुणापाशी नसेल. तो तिच्या घराच्या कडीला बांधलेला होता, निळ्या रंगाचा. अख्खी वसाहत त्याच्याकडे बघून एकच निष्कर्ष काढत होती आणि अख्खी वसाहत चुकत होती. दोन वाक्यांत सांगितला असता आणि हेमलता खाली बसली असती. पहिल्या रांगेत सोपानराव उत्सुकतेने पुढे झुकले होते.

तिने मान खाली घातली. कागदात काही सापडतंय का, बघू लागली. "दाखला असा की..." आवाज उतरला. उतरत उतरत जुन्या जागी, ओठांपाशी आला.

टक टक.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. बाक हेमलताने वाजवला नव्हता. ती उभीच होती. तिच्या शेजारचा इस्त्रीच्या सदऱ्यातला माणूस, वाकवलेलं बोट बाकावर ठेवून, थेट चौथऱ्याकडे बघत होता. पालकांत कुणीतरी हसलं. सोपानराव पूर्ण वळले. "अरे, हा तर आपला..." किसनला ते दिसलं. त्याने दोन्ही हात जोडून रीतसर नमस्कार केला. सोपानरावांनी मान डोलावली आणि शेजारच्या विश्वस्तांना म्हणाले, "बाप बघा कसा, स्वतःच्या पोरीलाही सवलत नाही. आमचा कामगार आहे."

विशाखाने हे ऐकलं. आणखी एक निष्कर्ष, तिच्या मनात आलं, आणि त्या भरात तिची मान वर झाली. तिने कागद चौथऱ्याच्या कडेला ठेवून दिला. तोंड समोर धरलं, पार भिंतीपर्यंत.

"दाखला मीच आहे," ती म्हणाली. "मी दोनदा इथे उभी राहिले. दोनदा तुम्ही बाक वाजवलात. ते बरोबर होतं, ऐकू येत नव्हतं. पण त्यानंतर तुम्ही काय म्हणालात? कुणी म्हणालं, ही भित्री आहे. कुणी म्हणालं, हिच्याजवळ सांगण्यासारखं नाही. मुलाखतीत हाच आवाज होता, तेव्हा त्याला विनय म्हणालात आणि गुण दिलेत. आवाज तोच, तुमचे निष्कर्ष तीन. त्यातला एकही खरा नव्हता. माझ्या घरी मोठ्याने बोलायची रीत नाही, एवढंच होतं. ती का नाही, ते मी सांगणार नाही. आणि मी सांगत नाही म्हणून त्यावरूनही तुम्ही काही ठरवू नका. विचारा. उत्तर मिळेपर्यंत ती जागा कोरी ठेवा. माझ्या निबंधाचं म्हणणं एवढंच आहे."

कुठेही टक झालं नाही. हेमलता उभीच होती. तिने एकदा कुसुमताईंकडे पाहिलं, एकदा आपल्या बोटाकडे.

"सातपुते, खंडन?" ताई म्हणाल्या.

"बाक तर म्याच वाजिवला होता, ताई. म्या काय खंडन करू?" आणि ती बसली.

कुसुमताई उठल्या. गुण वगैरे त्या कधीच चारचौघांत सांगत नसत. "दाखला सोयीचा आहे, ओव्हाळ," त्या म्हणाल्या. "विनयाचे गुण मीच दिले होते, ते मला मान्य. पण स्वतःकडे बोट दाखवलं की सिद्ध होतं असं नाही. तुझ्या साक्षीला दुसरी साक्ष कुठे आहे? ही तुझ्या मांडणीतली भेग आहे. पुढच्या वर्षी ती कशी बुजवायची ते आपण बघू."

विशाखा मान हलवून खाली उतरली आणि अर्ध्या वाटेत तिला कळलं. पुढच्या वर्षी. तिने वळून पाहिलं. ताई पुढच्या मुलीचं नाव शोधण्यात गढल्या होत्या, किंवा तसं दाखवत होत्या.

ती आपल्या जुन्या जागेवर गेली नाही. पार मागे गेली. हेमलताने सरकून जागा केली. बाक आता इतका भरला होता की किसन अर्धा बाहेर होता.

"कळलं का, आप्पा?" विशाखाने ओठांनी विचारलं.

"निम्मं," किसन म्हणाला, त्याला वाटलं हळूच, पण दोन रांगांपर्यंत गेलं. "ती मदी बोलली तवा तू खाली बघितलंस. ती काय म्हनली?"

"घरी सांगते."

चौथऱ्यावर पुढची मुलगी उभी राहिली होती. चाकणकडची, दोन वेण्यांची, कागद नाकाशी धरलेली. तिने वाचायला सुरुवात केली. किसनने मान वळवून लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, सवयीने. विशाखा त्याच्याकडे तोंड करून, जराही आवाज न करता, ओठांनी त्या मुलीचं बोलणं त्याला सांगू लागली. हे तिला लहानपणापासून येत होतं. एक वाक्य सांगितलं, दुसरं सांगितलं, तिसऱ्याला अडली. मुलीचा आवाज कागदात शिरला होता.

"काय म्हनती?" किसनने विचारलं.

विशाखाने समोर पाहिलं. त्या मुलीच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या इथूनही दिसत होत्या. हेमलताने अजून बोट उचललं नव्हतं. वाट बघत होती.

विशाखाने बोट वाकवलं आणि बाक वाजवला.